मीटरवर १२ व्होल्ट, तरी मागचा वायपर मरगळलेला

मागच्या वायपरला गाडीत कोणी फारसं मोजत नाही, बेस मॉडेलला तर तो मिळतही नाही, पण कोकणात जून ते सप्टेंबर हॅचबॅक चालवणाऱ्याला त्याची किंमत विचारा. सेडानची मागची काच तिरकी असते, वारा तिच्यावरून सरळ निघून जातो. हॅचबॅकची पाठ उभी कापल्यासारखी असल्यामुळे गाडी पळताना मागे हवा गोल फिरते आणि चाकांनी उडवलेला चिखल वर खेचून थेट काचेवर आणून टाकते. त्यात आमची बायको रोज गाडी घेऊन रत्नागिरीहून लांज्याला शाळेत जाणार, म्हणजे हातखंब्याला हायवेला लागायचं आणि पालीवरून पुढे. मुंबई-गोवा हायवेचा तांबडा चिखल ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. पाचदहा किलोमीटरमध्ये मागची काच विटेच्या रंगाची होते आणि आतल्या आरशात मागचा ट्रक दिसायचा बंद होतो. म्हणून हा फॉल्ट मी ताबडतोब मनावर घेतला.

लक्षणं अशी होती. स्टिअरिंगच्या काडीवरचा नॉब फिरवला की वायपर कधी दोनतीन फेऱ्या नीट मारायचा, मग हळूहळू रांगायला लागायचा आणि काचेच्या मध्यावर येऊन उभा राहायचा. भरपूर पाऊस असेल, काच ओलीचिंब असेल तेव्हा त्यातल्या त्यात बरा, पाऊस थांबून चिखल थोडा घट्ट झाला की अडलाच. पुढचे वायपर एकदम व्यवस्थित, मागचं पाणीपण नॉब पुढे फिरवला की जोरात उडतंय, हॉर्न लाइट सगळं बरोबर. पूर्ण बंद पडला असता तर शोधायला सोपं गेलं असतं, पण असा अर्धामेला फॉल्ट भल्याभल्यांना चकवतो.

गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दाखवली. माणूस हाताने चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याने डिकीच्या दाराचं आतलं पॅनेल काढलं, मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड, सोडवला, मला म्हणाला चावी ऑन करा आणि वायपर चालू करा, आणि कपलरला मीटर लावलं. १२.१ व्होल्ट. "हे बघा भाऊ, करंट येतोय फुल. मोटर गेली तुमची." नवी मोटर बसवून चार हजारांच्या आसपास खर्च सांगितला. दुसऱ्या एकाने गाडी न उघडताच सांगितलं की डिकीच्या बिजागरापाशी रबरी नळीत वायर तुटली असणार, सगळ्यांची तिथेच तुटते. हेही खोटं नाही, हॅचबॅकमध्ये मागचं काहीही बंद पडलं की पहिला संशय त्या रबरावरच जातो, कारण डिकी उघडताना आणि बंद करताना त्या वायरी दर वेळी वाकतात आणि वर्षानुवर्षं वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटते.

मला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत, निदान तपासल्याशिवाय तरी. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पॅनेलमधले कॉन्टॅक्टर, म्हणजे मशीनच्या मोटरी चालू-बंद करणारे मोठे स्विच, हे माझं रोजचं काम, आणि तिथे एक गोष्ट इतक्या वेळा बघितलीये की ती अंगात मुरलीये. लोड नसताना, म्हणजे करंट ओढणारं काही जोडलेलं नसताना मोजलेल्या व्होल्टेजवर मी विश्वास ठेवत नाही. डिजिटल मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला तो एखादा मायक्रोअँपिअर ओढत असेल. मधे जळका कॉन्टॅक्ट असो, एकच तार शिल्लक राहिलेली वायर असो, एवढासा करंट त्यातून आरामात जातो आणि मीटर बिचारं खरं तेच सांगतं, की हो, १२ आहेत. मोटर जोडली की तिला तीन अँपिअर लागतात, आणि ते येणार कुठून? म्हणून कपलर काढून मोजलेले १२ व्होल्ट मोटरबद्दल काहीच सिद्ध करत नाहीत. मोटरचा कपलर लावलेला असताना, मोटर ओढत असताना किती व्होल्ट राहतात ते बघायला हवं होतं.

पण मीटर हातात घ्यायच्या आधीच खरा धागा बायकोने दिला. रविवारी दुपारी गाडी पोर्चमध्ये लावली होती, ती पुढे बसून नॉब फिरवत होती आणि मी मागे उभा राहून बघत होतो. वायपर नेहमीसारखा रांगत निघाला आणि मध्यावर अडला. मी म्हटलं बंद कर. तिने नॉब बंद केला आणि वायपर झटक्यात, एकदम तडफेने, उरलेली काच पार करून खाली जागेवर येऊन बसला. ती आरशातून बघत होती, म्हणाली, "अहो, रस्त्यावरपण असंच होतं. चालू केला की मरतो आणि बंद केला की बघा कसा पळत येतो."

मी तिला पुन्हा पुन्हा तसंच करायला लावलं. दर वेळी तेच. चालू असताना जीव नाही, बंद केल्यावर पूर्ण जोर. ज्या मोटरचे ब्रश (आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) गेलेत किंवा वाइंडिंग (तारेची गुंडाळी) गेलंय ती मोटर परतीच्या वाटेवर अचानक तरुण कशी होईल?

हे नीट समजायला मागच्या वायपरचं वायरिंग बघावं लागतं. सर्व्हिस मॅन्युअलमधला डायग्राम मी मिळवला आणि कागदावर स्वतःच्या हाताने परत काढला, मला तसं काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आमच्या गाडीत मोटरच्या कपलरला चार वायरी आहेत. एक कायमची, म्हणजे चावी ऑन असली की फ्यूजमधून सरळ मोटरपर्यंत येणारी. दुसरी मोटर फिरवणारी, जी स्टिअरिंगच्या डाव्या काडीवरच्या स्विचकडून येते. तिसरी पार्किंगची, म्हणजे वायपरला परत जागेवर आणणारी, आणि चौथी अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी. मोटरच्या आत गिअरवर एक चकती असते, वायपर काचेवर कुठेही असला की ती चकती पार्किंगच्या वायरला कायमच्या करंटशी जोडते, आणि वायपर खाली जागेवर पोचला की तिथून तोडून अर्थला जोडते, त्यामुळे मोटर ब्रेक लागल्यासारखी थांबते. आणि स्विच बंद केल्यावर तो काय करतो? तो मोटर फिरवणारी वायर आणि पार्किंगची वायर एकमेकींना जोडतो. म्हणजे आपण बंद केलं तरी वायपर घरी पोचेपर्यंत मोटरला करंट मिळत राहतो, फक्त वेगळ्या वाटेने.

आता ही वाट बोटाने चालत जा. वायपर तडफेने परत येतो, म्हणजे फ्यूज चांगला, कायमची वायर चांगली, मोटर चांगली, अर्थ चांगला, पार्किंगची वायर जाऊन येऊन चांगली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्विचपासून मोटरपर्यंतची फिरवणारी वायर, जी डिकीच्या त्या रबरी नळीतूनच जाते, तीपण चांगली, कारण परतीचा करंटही तिच्यातूनच जातोय. मग वाईट काय उरलं? स्विचला येणारा करंट किंवा स्विचच्या आतला फक्त चालूचा कॉन्टॅक्ट. आमच्या मॉडेलमध्ये मागचा वॉशर आणि मागचा वायपर दोघांना स्विचमध्ये एकाच वायरने करंट जातो, आणि पाणी तर जोरात उडत होतं. म्हणजे येणारा करंटही ठीक असावा. एक स्क्रू न उघडता, नुसता वायपर बघून, संशय नखाएवढ्या जागेवर येऊन थांबला. मला अशा तर्कात खरंच आनंद मिळतो.

तरी तर्क म्हणजे पुरावा होत नाही, म्हणून मोजायला घेतलं.

आधी फ्यूज. मागच्या वायपरचा फ्यूज १५ अँपिअरचा, निळा. तो काढायची गरज नसते, ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, मीटरचं काळं टोक गाडीच्या बॉडीला आणि लाल टोक आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना लावून बघायचं, दोन्हीकडे सारखे व्होल्ट आले की फ्यूज शाबूत. इथे दोन्हीकडे १२.१. फ्यूजच्या पायाला गंज नाही ना तेही बघितलं.

मग बल्ब. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला क्लिप, एवढा जुगाड प्रत्येकाकडे असावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे मोटरच्या निम्म्याहून जास्त लोड आपण हाताने लावू शकतो. डिकीतला मोटरचा कपलर काढला आणि बल्ब आधी कायमच्या वायरला आणि अर्थला लावला. लख्ख पांढरा पेटला. मग फिरवणाऱ्या वायरला लावला, बायकोला म्हटलं चालू कर. बल्ब पेटला पण पिवळट, मंद, आणि तिने नॉबवर बोट जरा दाबलं की उजेड वाढायचा, सोडलं की उतरायचा. मीटर त्याच जागी लोडशिवाय १२.१ दाखवत होतं. हा फरक डोळ्यांनी बघण्यासारखा असतो, मीटरचे आकडे ज्याला कळत नाहीत त्यालाही बल्बचा उजेड कळतो.

(एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. गाडीत पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळी नळी चढवलेल्या वायरी दिसल्या तर त्यांना बल्ब, मीटर, टाचणी काहीही लावायचं नाही. त्या एअरबॅगच्या असतात आणि बल्बच्या करंटने एअरबॅग फुटू शकते. स्टिअरिंगच्या आसपास काम करताना हे विसरून चालत नाही.)

त्यानंतर खरी मोजणी, व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वाटेत कुठे किती व्होल्ट गळतात त्याची. मोटरचा कपलर परत लावला, इंजिन बंद, चावी ऑनवर, काचेवर पाइपने पाणी सोडत ठेवलं म्हणजे वायपर रांगत का होईना फिरत राहील. वायरीचं इन्सुलेशन टोचायचं नाही हा माझा नियम आहे, कोकणच्या दमट हवेत त्या भोकातून ओल आत जाते आणि सहा महिन्यांनी आत हिरवा गंज धरतो, एक फॉल्ट काढताना दुसरा पेरल्यासारखं होतं. त्यामुळे कपलरच्या मागच्या बाजूने, जिथे वायर आत शिरते तिथल्या फटीतून बारीक टाचणी सरकवून पिनपर्यंत नेली आणि मीटर टाचणीला लावलं.

बॅटरीच्या दोन टोकांना १२.२ व्होल्ट. वायपर रांगत असताना मोटरच्या पिनांवर ५.८. म्हणजे मोटरला निम्म्याहून कमी व्होल्टेज मिळतंय, ती बिचारी रांगणार नाही तर काय करणार. उरलेले ६.४ कुठे गेले ते आता टप्प्याटप्प्याने शोधायचं. मोटरच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१. अर्थ चांगला, हॅचबॅकमध्ये डिकीचा अर्थ बोल्ट गंजतो म्हणून हेपण बघायलाच हवं होतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्विचच्या आत जाणाऱ्या पिनपर्यंत ०.२. स्विचमधून बाहेर पडणाऱ्या पिनपासून मोटरपर्यंत, डिकीच्या रबरी नळीसकट, ०.२. आणि स्विचच्या आत जाणाऱ्या पिनपासून बाहेर येणाऱ्या पिनपर्यंत, म्हणजे फक्त स्विचच्या पोटात, ५.९ व्होल्ट. सगळी बेरीज केली तर १२.२ होते, एक दशांशही इकडे तिकडे नाही. हिशोब असा जुळला की फॉल्ट कुठे आहे यावर वाद घालायला जागाच राहत नाही.

करंटही मोजला. फ्यूज काढून त्याच्या जागी मीटर सिरीजमध्ये, १० अँपिअरच्या वेगळ्या सॉकेटला लाल वायर लावून. तीन अँपिअरच्या आसपास. (मोजून झाल्यावर लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटला परत लावायची, तशीच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो, निदान मीटरचा फ्यूज तरी जातो.) आता ५.९ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे १८ वॉटच्या जवळपास उष्णता, आणि ती कुठे, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या कॉन्टॅक्टवर. कथील वितळवायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. मला त्या क्षणी जरा धस्स झालं, कारण बायको महिनाभर म्हणत होती की वायपर लावला की कधीकधी जळकट वास येतो आणि आम्हाला वाटायचं पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा वास आहे. १५ अँपिअरचा फ्यूज इथे काहीच करू शकत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, तो तीनच आहे. फ्यूज जास्त करंट ओळखतो, खराब कॉन्टॅक्ट ओळखत नाही. उरलेला पावसाळा तसाच काढायचा विचार डोक्यातून तिथेच गेला आणि तिला म्हटलं दुरुस्त होईपर्यंत मागच्या नॉबला हात लावू नकोस.

आणि हो, बीपवाल्या टेस्टबद्दलही (दोन टोकं आतून जोडलेली असली की मीटर बीप वाजवतं ती) सांगायला हवं, कारण यूट्यूब बघून स्विच चेक करणारे सगळे तीच करतात. ५.९ भागिले ३ म्हणजे या कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स २ ओहमच्या आसपास आला. मीटरचा बीप बहुतेक मॉडेलमध्ये त्याच्या कितीतरी पटीपर्यंत वाजतो. मी मुद्दाम लावून बघितलं, मस्त वाजला. घरात २३० व्होल्टला छोटा दिवा लावायचा असेल तर २ ओहम कुणाच्या खिजगणतीत नसतात, पण १२ व्होल्टवर तीन अँपिअर ओढणाऱ्या मोटरसाठी २ ओहम म्हणजे अर्धी बॅटरी वाटेतच गिळली. लो व्होल्टेजचं गणित वेगळं असतं ते असं.

डिकीचं रबर मी तरीही सोडवून बघितलं. मीटरने निर्दोष सांगितलं होतं, पण पॅनेल उघडलंच होतं आणि मनात शंका ठेवायची नव्हती. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढायची, आतली तार तुटलेली असेल तर वरचं प्लास्टिक रबरासारखं ताणलं जातं, शाबूत असेल तर ताठ राहते. सगळ्या ताठ. बरं वाटलं.

मग स्विच काढायला घेतला. बॅटरीची निगेटिव्ह वायर १० च्या पान्याने सोडवून बाजूला बांधली आणि चहा पिऊन येईपर्यंत गाडीला हात लावला नाही, एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो म्हणून थांबायचं असतं. स्टिअरिंगच्या खालच्या कव्हरचे स्क्रू खालून सोडवले, वरचं कव्हर नुसतं क्लिपवर असतं, स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवलं की पुढून लपलेले स्क्रू समोर येतात. (चाक वळवायचं तर चावी लागते, म्हणून हे बॅटरी सोडवायच्या आधी हेरून ठेवलेलं बरं, चावी घालून लॉक सोडवून ठेवायचं.) आमच्या गाडीत डावी काडी वेगळी निघते, वरचा आणि खालचा खटका दाबला की बाजूला सरकून हातात येते, स्टिअरिंग व्हील किंवा एअरबॅग काढावी लागत नाही. काही गाड्यांत पूर्ण सेट एकत्र असतो आणि व्हील काढल्याशिवाय निघत नाही, तिथे मी स्वतः हात घातला नसता.

स्विच उघडताना मोठं ताट घ्या, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, कारण आत नॉबला टक टक असा खटका देणारी एक स्प्रिंग आणि छोटीशी स्टीलची गोळी असते आणि ती झाकण सुटताक्षणी उडते. माझी पिशवीत उडाली आणि पिशवीतच राहिली.

आतलं दृश्य मोजणीशी तंतोतंत जुळणारं. तांब्याच्या पट्ट्या प्लास्टिकच्या चकतीत बसवलेल्या आणि त्यांच्यावरून एक सरकता कॉन्टॅक्ट फिरतो. बंदची पट्टी चकचकीत, ग्रीस अजून मऊ. वॉशरची पट्टी तशीच. आणि चालूची पट्टी काळी, मधे खड्डा, कडेचं प्लास्टिक फुगून बुडबुड्यासारखं वर आलेलं, ग्रीस सुकून डांबरासारखं कडक. सरकत्या कॉन्टॅक्टची त्या बाजूची पाती तापून तापून निळसर झाली होती आणि बोटाने दाबली तर तिच्यात दम उरला नव्हता, बाकीच्या पात्या टणक. पातीचा दाब कमी झाला की कॉन्टॅक्ट आणखी तापतो, तापला की दाब आणखी कमी होतो, हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

हे होण्याचं मूळ कारण माझ्या मते साधं आहे. पुढच्या वायपरला बऱ्याच गाड्यांत मधे रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) असतो, आमच्या या मॉडेलमध्ये मागच्या मोटरचा सगळा करंट थेट या नाजूक पट्टीवरून जातो. मोटरचा करंट तोडताना दर वेळी बारीक ठिणगी पडते, कारण वाइंडिंग करंट सहजासहजी सोडत नाही. त्यात वायपरचं रबर कडक झालेलं, काचेवर चिखल वाळलेला, मोटर अडली की करंट वाढतो, आणि अशी अडलेली अवस्था आम्ही रोज दोनदा आणत होतो.

एका ओळखीच्याने सुचवलं की पॉलिश पेपर मार आणि बसव. पॉलिश पेपर मी मारला नाही. अशा पट्ट्यांवर पातळ मुलामा असतो, तो घासला गेला की खालचं तांबं महिन्याभरात परत काळं पडतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, कापडाने पुसून, नवीन ग्रीस लावून काही दिवस चालला असता हे खरं, पण दम गेलेली पाती कुठल्याही स्प्रेने परत टणक होत नाही, आणि गाडी रोज हायवेला जाते. नवी काडी मागवली. हजार रुपयांच्या आतबाहेर. मागवताना जुन्या काडीवरचा पार्ट नंबर वाचून दिला आणि मिळाल्यावर कपलरच्या पिना मोजून घेतल्या, कारण बेस मॉडेलची काडी दिसायला हुबेहूब तशीच असते, पण मागचा वायपर नसल्यामुळे आत त्या पट्ट्याच नसतात.

बसवल्यावर लगेच परत मोजलं. स्विचच्या पोटात आता ०.१ व्होल्ट, मोटरवर ११.६. वायपर काचेवर असा फिरायला लागला की बायको आतून म्हणाली, "हा आपलाच ना?" मोटर तीच, वायरिंग तेच. वायपरचं रबर मात्र बदललं, आणि आता आधी पाणी मारायचं, चिखल ओला होऊ द्यायचा, मग वायपर लावायचा अशी सवय दोघांनी लावून घेतलीये.

ज्याने मोटर गेली म्हणून सांगितलं होतं त्या इलेक्ट्रिशियनला मी जळकी काडी नेऊन दाखवली. तो बराच वेळ ती पट्टी उजेडात धरून बघत होता, मग म्हणाला, "भाऊ, आम्हाला बल्ब लावायची सवय होती पूर्वी, मीटर आलं आणि ती सुटली." मला त्याचं बोलणं आवडलं. जुने वायरमन सगळं बल्बवर बघायचे आणि त्यांचे असे फॉल्ट चुकायचे नाहीत.

याच्यानंतर काही दिवसांनी ऑफिसमधल्या एकाची गाडी आली, मॉडेल तेच, तक्रार मात्र नेमकी उलटी. वायपर चालू असताना दणकट चालतो, पण बंद केला की असेल तिथेच थांबतो, काचेच्या मधोमध उभा. त्याला कोणीतरी नवीन स्विच टाकायला सांगितला होता. मी माझा डायग्रामचा कागद काढला. चालू असताना चांगला चालतो म्हणजे स्विचचा चालूचा कॉन्टॅक्ट, फिरवणारी वायर, मोटर, अर्थ सगळं ठीक. परतीची वाट तुटलीये. म्हणजे कायमची वायर, पार्किंगची वायर, मोटरमधली चकती किंवा स्विचचा बंदचा कॉन्टॅक्ट, या चारांतलं एक. बल्ब कायमच्या वायरला लावला तर पेटलाच नाही, आणि फ्यूजवर मात्र करंट होता. डिकी हळूहळू खाली आणली तर एका ठरावीक उंचीवर बल्ब लुकलुकला. (या मॉडेलमध्ये डिकी उघडी असतानाही वायपरचं सर्किट चालू राहतं, काही गाड्यांत ते मुद्दाम बंद केलेलं असतं, तिथे ही टेस्ट अशी करता येणार नाही.)

या वेळी रबरी नळीच दोषी होती. ती सोडवली तर ती वायर बाहेरून अगदी शाबूत, बोटांत धरून ओढली तर प्लास्टिक लांब झालं आणि आत तांबं नव्हतंच. शेजारच्या दोन वायरींचं इन्सुलेशनही वाकण्यावर चिरलं होतं, त्यातली एक नंबर प्लेटच्या लाइटची. त्याला सांगितलं की तुटलेल्या जागेवरच पिळून टेप मारली तर तो जोड नळीत वाकून वाकून परत तुटेल. म्हणून वीतभर नवीन, बारीक तारांची मऊ वायर घातली, म्हणजे दोन्ही जोड नळीच्या बाहेर आले, एक डिकीच्या दारात आणि एक छताच्या बाजूला. जोड सोल्डर केले, वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली, तीन वायरींचे जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घेतले नाहीतर तिथे गाठ होऊन नळी परत बसत नाही. रबर जागेवर सरकवायला साबणाचं पाणी पुरलं. मग त्याला पुढे बसवलं आणि डिकी पूर्ण वर, अर्ध्यात आणि बंद अशी ठेवून प्रत्येक वेळी वायपर चालू-बंद करायला लावला. तिन्ही वेळा तो सरळ खाली येऊन जागेवर बसला, तेव्हाच डिकीचं पॅनेल परत लावलं.